आठ दिवसांचा आठवडा

आमच्या आजोळी एक सामाईक विहीर होती. सातबाऱ्यावर चौघांची नावं, प्रत्येकाचा चार आणे हिस्सा. दोन-दोन दिवसांची पाळी, आठ दिवसांनी फेरा पुन्हा पहिल्यावर. त्या चौघांतले दोघे सख्खे भाऊ होते आणि त्यांच्यात बोलणं नव्हतं. बांधावरून वाद झाला, तो कोर्टात गेला, तारखांवर तारखा पडत राहिल्या आणि दोन्ही घरांतली उठबस संपली. लग्नाकार्याला जाणं नाही, सणाला ताट नाही. पण विहिरीची पाळी त्यांच्याकडून कधी चुकली नाही. थोरल्याची पाळी रात्री संपायची. तो मोटार बंद करायचा, पेटीचं झाकण लावायचा, खोरं घेऊन दंडापाशी जायचा आणि माती ओढून दंडाचं तोंड धाकट्याच्या शेताकडे वळवून ठेवायचा. मग बॅटरीच्या उजेडात घरी. धाकटा पहाटे येऊन नुसती मोटार चालू करायचा, पाणी सरळ त्याच्या वाफ्यात जायचं. या सगळ्यात एका शब्दाचीही देवाणघेवाण होत नसे.

लहानपणी मला त्यांचं भांडणच तेवढं दिसायचं, दंडाकडे लक्ष जायचं नाही. आता कुठल्याही दोन देशांच्या, दोन राज्यांच्या पाण्याबद्दल वाचायला घेतलं की आधी तो दंड आठवतो. जे एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, त्यांनी दंडाचं तोंड का वळवून ठेवावं? हा प्रश्न मला बरीच वर्षं पुरला आहे. शाश्वत विकास, प्रादेशिक सहकार्य हे सभांमधले जड शब्द. त्यांचा गाभा या एका प्रश्नात आहे असं मला वाटतं, आणि तो उलगडण्यासाठी मी वाचकाला बऱ्याच लांबच्या एका गावी नेणार आहे.

त्या गावाचं नाव बत्तीर. बेथलेहेमच्या पश्चिमेला, डोंगराच्या उतारावर वसलेलं पॅलेस्टिनी गाव. उतार असा की मातीला थारा मिळावा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या दगडांच्या ताली रचल्या, एकीखाली एक, खाली दरीपर्यंत. तालींवर ऑलिव्ह, द्राक्षवेली आणि भाजीपाला. इथली वांगी त्या मुलखात नावाजलेली आहेत, लांबट आणि गोडसर. गावात झरा आहे. झऱ्याचं पाणी रोमन काळातल्या एका दगडी कुंडात साठतं आणि तिथून पाटांनी तालीतालीवर उतरतं. गावात मुख्य घराणी आठ. प्रत्येक घराण्याला पाण्याचा एक दिवस. त्यामुळे बत्तीरचे लोक सांगतात, आमच्याकडे आठवडा सात दिवसांचा नसतो, आठ दिवसांचा असतो. सात दिवसांनाच आठवडा म्हणणाऱ्या आणि ‘आठ दिवसांनी ये’ असं सांगणाऱ्या मराठी माणसाला हे ऐकून परकं वाटू नये. कुंडात किती पाणी साठलं ते खुणा केलेल्या काठीने मोजायचं आणि त्या मापाने वाटून घ्यायचं, अशी तिथली रीत.

ती काठी लक्षात ठेवावी, ती पुढे पुन्हा येणार आहे.

बत्तीरच्या पायथ्याशी दरीतून रेल्वेची लाइन जाते. याफा ते जेरुसलेम ही ती लाइन, 1892 साली सुरू झालेली. 1948 च्या अरब-इस्राएल युद्धात गावातले बहुतेक लोक पळून गेले. हसन मुस्तफा नावाचे एक गृहस्थ मूठभर माणसांसह मागे राहिले. त्यांनी रिकाम्या घरांतून रात्री दिवे लावले, दोऱ्यांवर कपडे वाळत घातले, गाव नांदतं आहे असं समोरच्या सैन्याला वाटावं म्हणून. ही हकिगत गावात आजही सांगितली जाते. पुढे 1949 साली इस्राएल आणि जॉर्डन यांच्यात युद्धबंदीची रेषा आखली गेली तेव्हा इस्राएलला रेल्वे हवी होती आणि गावाला रेल्वेच्या पलीकडची शेतं. तडजोड अशी झाली की गावाने आगगाडीला धक्का लावायचा नाही आणि गावकऱ्यांनी रेषेपलीकडची आपली शेतं कसत राहायचं. युद्ध संपलेलं नव्हतं, मनं साफ झालेली नव्हती. दंडाचं तोंड मात्र वळवून ठेवलं गेलं. गावाने शब्द पाळला, आगगाडी दरीतून जात राहिली.

1967 साली पश्चिम किनारा (वेस्ट बँक) इस्राएलच्या ताब्यात गेला. मग या शतकाच्या सुरुवातीला इस्राएलने त्याच्याभोवती विभाजक भिंत बांधायला घेतली. बत्तीरजवळ ती रेल्वेच्या कडेने जाणार होती, म्हणजे गाव एका बाजूला आणि ताली दुसऱ्या. पाट तुटणार, कुंडाचं पाणी भिंतीशी अडणार. इथे एका स्वयंसेवी संस्थेचा प्रवेश होतो. तिचं नाव इकोपीस मिडल ईस्ट. 1994 च्या डिसेंबरमध्ये इजिप्तमधल्या ताबा इथे जमलेल्या त्या भागातल्या पर्यावरण कार्यकर्त्यांनी ती स्थापन केली. मधली काही वर्षं तिचं नाव फ्रेंड्स ऑफ द अर्थ मिडल ईस्ट असं होतं. एकच संस्था, पण तिचे संचालक तीन: एक इस्राएली, एक जॉर्डनी, एक पॅलेस्टिनी. कचेऱ्याही तीन. गिडॉन ब्रॉमबर्ग, मुनकेथ मेहयार आणि नादेर अल-खतीब या तिघांनी ती बरीच वर्षं मिळून चालवली.

बत्तीरचे गावकरी इस्राएलच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि त्यांच्या बाजूने ही संस्थाही गेली. त्या खटल्यात एक गोष्ट अशी घडली जिचं मला सगळ्यात अप्रूप वाटतं. इस्राएलच्याच निसर्ग व उद्यान प्राधिकरणाने आधीची संमती बदलून 2012 साली भिंतीच्या विरोधात म्हणणं मांडलं. सरकारचंच एक खातं न्यायालयात म्हणालं की या ताली हजारो वर्षांच्या माणसाच्या मेहनतीने घडलेल्या आहेत, त्यांच्यातून भिंत नेऊ नये. जून 2014 मध्ये युनेस्कोने बत्तीरचा जागतिक वारसा यादीत समावेश केला आणि त्याच दमात धोक्यातल्या वारशांच्या यादीतही त्याचं नाव घातलं. 2015 च्या जानेवारीत न्यायालयाने भिंतीचा तो बेत बाजूला ठेवला.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. या लोकांना एकत्र काय आणतं? प्रेम म्हणावं तर तसं दिसत नाही. या संस्थेच्या कामाकडे बारकाईने पाहिलं तर लक्षात येतं की तिने कधीच कुणाला दुसऱ्यावर प्रेम करायला सांगितलेलं नाही. 2001 साली तिने ‘चांगले पाणी-शेजारी’ या अर्थाच्या नावाने एक उपक्रम सुरू केला. सुरुवातीला 11 गावं, पुढे 28. प्रत्येक गावाची सांगड सीमेपलीकडच्या अशा गावाशी घातलेली, ज्याच्याशी त्याचं पाणी सामाईक आहे. एकाच ओढ्यावरची, एकाच भूजलावरची गावं. वरच्या गावातला मैला खालच्या गावात जातो, खालच्या गावाच्या विहिरी वरच्या गावाच्या उपशाने आटतात. गावातल्या शाळेच्या पोरांनी आधी आपल्याच शाळेचं छतावरचं पाणी, आपल्याच नळाची गळती मोजायची, मग शेजारच्या गावाशी ते आकडे ताडून पाहायचे. शेजार कुणी निवडलेला नाही, पाण्याच्या उताराने ठरवलेला आहे. भाऊ तरी कुठे कुणी निवडतो?

आणि संस्थेच्या तीन कचेऱ्या एकमेकींशी बोलतातच, पण त्यांचं खरं काम आपापल्या लोकांशी बोलण्याचं असतं. अम्मानची कचेरी जॉर्डनच्या सरकारला जॉर्डनचा फायदा समजावून सांगते. तेल अवीवची कचेरी इस्राएलच्या मंत्र्याला इस्राएलचा. पलीकडच्या माणसाचं दुःख सांगून आपल्या सरकारचं मन वळत नाही हे त्यांना पक्कं माहीत आहे. सरकारचं मन वळतं ते आपल्याच पोटाला चिमटा बसतो तेव्हा. ही गोष्ट कुणाला हिशेबी वाटेल. मला ती प्रामाणिक वाटते. माझ्या आजोळचा थोरला धाकट्यावर उपकार म्हणून दंड वळवत नव्हता. आठ दिवसांनी आपलीही पाळी येणार आहे आणि तेव्हा दंड आपल्याकडे वळलेला असायला हवा, एवढा हिशेब त्याच्या डोक्यात होता. हा स्वार्थच. पण आज रात्रीपुरता नाही, पुढच्या फेऱ्यापर्यंत पाहणारा. शाश्वत विकास म्हणतात तो मला यापेक्षा वेगळा दिसत नाही: पुढच्या फेऱ्यालाही विहिरीत पाणी असेल असं आज उपसणं.

याचं सगळ्यात उघड उदाहरण गाझाचं. गाझात वीज पुरत नसे, त्यामुळे मैलाशुद्धीकरण केंद्रं नीट चालत नसत. 2023 च्या युद्धाआधीच्या वर्षांत दररोज सुमारे 1 लाख घनमीटर प्रक्रिया न केलेलं किंवा अर्धवट प्रक्रिया केलेलं सांडपाणी भूमध्य समुद्रात जात होतं. समुद्राला कुंपण नाही. किनाऱ्याने तो प्रवाह उत्तरेला सरकतो आणि काही किलोमीटरवर इस्राएलचं अश्कलोन आहे. तिथे समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रचंड प्रकल्प आहे. 2016 च्या सुरुवातीला गाझाच्या मैल्यामुळे तो प्रकल्प काही वेळा बंद ठेवावा लागला. इकोपीसने हीच गोष्ट इस्राएलमध्ये घरोघरी पोहोचवली. तुम्ही पलीकडची वीज अडवता तेव्हा तुमच्याच नळाचं पाणी अडतं. त्यानंतर गाझाला सांडपाण्यासाठी वीज द्यावी ही मागणी इस्राएलच्या आतून, किनाऱ्यावरच्या नगरपालिकांकडून उठू लागली. दयेच्या आवाहनाने जे झालं नसतं ते एका बंद पडलेल्या पंपाने घडवलं.

पण स्वार्थ पाहता यायलाही डोळे लागतात, आणि तिथेच काठीचं काम येतं. मोजल्याशिवाय कुणाला काही पटत नाही. जॉर्डन नदीचंच घ्या. ही नदी आपल्या मानाने लहान. गालिलच्या सरोवरापासून मृत समुद्रापर्यंत सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर, वळणं धरली तर त्याच्या दुप्पट. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिच्यातून वर्षाला सुमारे 130 कोटी घनमीटर पाणी मृत समुद्राला जात असे, म्हणजे साधारण 46 टीएमसी. कोयना धरणाचा साठा 105 टीएमसीचा, यावरून अंदाज यावा. इतक्या छोट्या नदीचं नाव निम्म्या जगाच्या प्रार्थनांमध्ये आहे! 1930 च्या दशकात सरोवराच्या तोंडाशी देगानियाचा बांध झाला. 1964 साली इस्राएलचा राष्ट्रीय जलवाहक कालवा सुरू झाला आणि सरोवराचं पाणी दक्षिणेला जाऊ लागलं. जॉर्डनने यार्मूक या उपनदीचं पाणी आपल्या कालव्यात घेतलं, सीरियाने तिच्यावर धरणं बांधली. प्रत्येकाने आपल्या पाळीचं घेतलं आणि दंडाचं तोंड वळवून ठेवायचं सगळेच विसरले. नदीत मूळच्या पाण्याच्या दहाव्या हिश्शाहून कमी पाणी उरलं, आणि त्यातही मैला, मत्स्यतलावांचं सांडपाणी आणि खारे झरे. सरोवराच्या थोडं खाली अलुमोत इथे मातीचा एक बांध होता. बांधाच्या वर निळं पाणी, खाली फेसाळलेलं काळसर. नदीचा शेवट जिथे होतो तो मृत समुद्र दर वर्षी मीटरभराहून जास्त खाली जातो आहे.

या नदीच्या काठी येशूचा बाप्तिस्मा झाला असं ख्रिस्ती लोक मानतात. जॉर्डनच्या काठावर अल-मघतास आणि समोर कस्र अल-यहूद. मधलं पात्र जेमतेम काही मीटरचं. दोन्ही काठांवर लाकडी पायऱ्या, दोन्हीकडे पांढऱ्या झग्यातले यात्रेकरू, दोन्हीकडे बंदूकधारी जवान, आणि मधोमध पाण्यावर तरंगणारी एक दोरी, हीच दोन्ही काठांमधली सरहद्द. इकडच्या माणसाने हात लांब केला तर तिकडच्याच्या हाताला लागेल. यात्रेकरू त्या गढूळ पाण्यात डोकं बुडवून वर यायचे. 2010 साली इकोपीसने जाहीर सांगितलं की पाणी शुद्ध होईपर्यंत इथे बाप्तिस्मा बंद ठेवावा. पवित्र जागेबद्दल असं बोलणं सोपं नव्हतं. आपल्याकडे कुठल्या घाटावर असं बोलून पाहावं, म्हणजे कळेल.

त्याच वर्षी संस्थेने नदीला जिवंत राहायला किती पाणी लागेल याचा अभ्यास मांडला. उत्तर निघालं वर्षाला सुमारे 40 कोटी घनमीटर, म्हणजे 14 टीएमसी. पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला साखळीतल्या चार धरणांच्या साठ्याच्या जेमतेम निम्मं. आणि त्या अभ्यासाने पाण्याची वाटणीही सांगितली: सर्वांत जास्त परत द्यायचं इस्राएलने, मग सीरियाने, मग जॉर्डनने. पॅलेस्टिनींकडे काहीच मागितलं नाही, कारण 1967 पासून त्यांच्या वाट्याला या नदीतलं काही आलंच नव्हतं. मला तो अहवाल बत्तीरच्या काठीसारखा वाटतो. ज्याने जेवढं उपसलं त्या मापाने त्याच्याकडे परत मागायचं. 2013 साली इस्राएलने सरोवरातून खालच्या जॉर्डन नदीत नियमितपणे थोडं पाणी सोडायला सुरुवात केली, अर्ध्या शतकात पहिल्यांदा. ते थोडंच आहे. पण आधी ते शून्य होतं.

असं मापाने वाटणं हे या मुलखाला नवं नाही, हेही सांगायला हवं. 1953 साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचे दूत एरिक जॉन्स्टन जॉर्डन खोऱ्याच्या पाण्याची वाटणी घेऊन आले. दोन वर्षं फिरले. कागदावरची वाटणी तज्ज्ञांना पटली, राज्यकर्त्यांनी मात्र ती स्वीकारली नाही. पण त्यानंतर एक विलक्षण गोष्ट चालू राहिली. यार्मूक आणि जॉर्डनच्या संगमाजवळ इस्राएली आणि जॉर्डनी पाणी-अधिकारी गुपचूप भेटत. कागदोपत्री दोन्ही देश युद्धात होते, ते युद्ध थेट 1994 च्या शांतता कराराने संपलं. चार दशकं हे अधिकारी नदीकाठच्या साध्या टेबलाभोवती बसून ठरवत होते, यंदाच्या उन्हाळ्यात कुणाच्या कालव्यात किती, कालव्याच्या तोंडाशी साचलेला गाळ कुणी काढायचा. पुढे या भेटींचं नावच ‘पिकनिक टेबल’च्या वाटाघाटी असं पडलं. 1994 च्या करारातही हीच अक्कल दिसते: हिवाळ्यात यार्मूकचं 2 कोटी घनमीटर पाणी जॉर्डनने सोडायचं, ते इस्राएलने घ्यायचं आणि उन्हाळ्यात सरोवरातून परत करायचं. आमच्या विहिरीच्या पाळीत आणि यात फरक एवढाच की तिथे दोन पंतप्रधानांच्या सह्या होत्या.

मग सरकारंच हे करतात तर संस्था कशाला? कारण सरकारं टेबलाशी बसतात ती गुपचूप. गुपचूप ठरलेली वाटणी लोकांच्या अंगवळणी पडत नाही. पहिलं युद्ध, पहिली निवडणूक आली की ती उठवता येते. या संस्थेने ते टेबल उघड्यावर आणलं. तिच्या बोलावण्यावरून इस्राएली, जॉर्डनी आणि पॅलेस्टिनी गावांच्या महापौरांनी एकमेकांचे हात धरून जॉर्डन नदीत उड्या मारल्या. फोटो सगळीकडे छापून आला. त्याने नदी स्वच्छ झाली नाही, पण ज्या महापौराचा फोटो आला त्याला दुसऱ्या दिवशी आपल्या गावच्या मैल्याबद्दल उत्तर द्यावं लागलं.

त्याच खोऱ्यात आणखी एक सहकार्य चालतं, ते घुबडांचं. बेत शेआन खोऱ्यातल्या स्दे एलियाहू या वसाहतीत 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला उंदीर मारायला विष टाकण्याऐवजी गव्हाणी घुबडांसाठी लाकडी पेट्या उभारल्या गेल्या. विषाने उंदरांबरोबर शिकारी पक्षीही मरत होते. घुबडाची एक जोडी वर्षाला काही हजार उंदीर फस्त करते. पण घुबड रात्री नदी ओलांडून जॉर्डनच्या शेतात शिकारीला जातं आणि तिथे विष खाल्लेला उंदीर खाऊन मरतं. म्हणजे अलीकडची पेटी टिकवायची तर पलीकडच्या शेतकऱ्याने विष सोडायला हवं. 2002 च्या सुमारास तेल अवीव विद्यापीठाचे योसी लेशेम आणि जॉर्डनचे निवृत्त जनरल मन्सूर अबू रशीद यांनी हे काम पलीकडे नेलं. अडचण अशी की अरबी मुलखात घुबड अपशकुनी. आपल्यालाही हे नवं नाही. घुबडाला दगड मारला तर ते तो झेलून घासत बसतं आणि दगड झिजतो तसा मारणारा झिजत जातो, असं मला आजीने सांगितलं होतं. त्यामुळे आम्ही घुबडाला कधी दगड मारला नाही, पण कधी त्याच्याकडे नीट पाहिलंही नाही. जॉर्डनच्या शेतकऱ्यांनी मात्र पाहिलं. पेटीखाली पडलेल्या उंदरांच्या हाडांचे गोळे पाहिले आणि पेट्या लावल्या.

इथवर वाचून कुणाला वाटेल की सगळं ठीक चाललं आहे, फक्त अशा संस्था वाढायला हव्यात. तसं नाही, आणि हे मला स्पष्ट सांगायचं आहे. माझ्या आजोळच्या विहिरीत दोघा भावांचा हिस्सा सारखा होता. चार आणे आणि चार आणे. म्हणून पाळी ही पाळी होती. ज्याचा हिस्साच मान्य नाही त्याच्यासाठी दंड वळवणं हा उपकार ठरतो. 1995 च्या ओस्लो कराराने पश्चिम किनाऱ्याखालच्या डोंगरी भूजलाची वाटणी ठरवली. त्यातला मोठा वाटा इस्राएलकडे राहिला, पॅलेस्टिनींना सुमारे पाचवा. ही व्यवस्था पाच वर्षांपुरती तात्पुरती होती. पण अजूनही तीच चालू आहे. पॅलेस्टिनी गावाला नवी विहीर खोदायची तर संयुक्त समितीची मंजुरी लागते आणि त्या समितीत इस्राएलचा नकार पुरेसा असतो. म्हणूनच अनेक पॅलेस्टिनी आणि जॉर्डनी लोक अशा संस्थांवर रागावतात. त्यांचं म्हणणं, एकत्र बसून फोटो काढले की अन्याय नेहमीचा वाटू लागतो. या रागाला मी चूक म्हणणार नाही. सहकार्याच्या नावाने हिस्स्याचा प्रश्न झाकला जात असेल तर ते सहकार्य खोटं. इकोपीसने पाण्याची न्याय्य वाटणी व्हावी ही मागणी लावून धरली, शांतता कराराची वाट न पाहता पाण्याचा प्रश्न आधी सोडवा असंही म्हटलं. हे श्रेय तिचं. पण वाटणी बदललेली नाही हेही खरं.

2021 च्या नोव्हेंबरमध्ये दुबईत संयुक्त अरब अमिरातीच्या साक्षीने एक इरादापत्र झालं. जॉर्डनने वाळवंटात 600 मेगावॉटचं सौर वीज केंद्र उभारून वीज इस्राएलला द्यायची आणि इस्राएलने समुद्राचं गोडं केलेलं 20 कोटी घनमीटर पाणी जॉर्डनला. पाणी आणि विजेची अशी सांगड इकोपीस कित्येक वर्षं सुचवत होती. जॉर्डनला ते पाणी जीवनमरणाचं आहे. तिथे माणशी वर्षाला शंभर घनमीटर पाणीही मिळत नाही, आणि पाचशेच्या खाली गेलं की टोकाची टंचाई मानतात. मग ऑक्टोबर 2023 आला. हमासचा हल्ला, त्यानंतर गाझावरचं युद्ध. नोव्हेंबरमध्ये जॉर्डनचे परराष्ट्रमंत्री अयमन सफादी म्हणाले की त्या इरादापत्रानंतरच्या करारावर आम्ही सही करणार नाही. गाझातल्या विहिरी, पाइपलाइनी आणि मैलाशुद्धीकरण केंद्रं ढिगाऱ्यात गेली. ज्या घाणेरड्या पाण्याने अश्कलोनचा पंप बंद पडला होता त्याहून कितीतरी जास्त घाण आता तिथल्या पोरांच्या पायाखाली आहे. आणि ऑगस्ट 2024 मध्ये, न्यायालयाने वाचवलेल्या त्याच बत्तीरच्या वारसा क्षेत्रात, नहाल हेलेत्झ नावाच्या नव्या इस्राएली वस्तीला मंजुरी मिळाली.

मग एवढ्या वर्षांचं काम वाया गेलं का? मला हा प्रश्न बरेच दिवस छळत होता. माझं उत्तर नाही असंच आहे. आजोळच्या भावांची भांडणं मिटली नाहीत. ती त्यांच्या मुलांकडे आली. पण विहिरीच्या पाळीची वही त्या मुलांना माहीत आहे. कधी ना कधी गाझाचं मैलाशुद्धीकरण पुन्हा उभारावं लागेल, जॉर्डन खोऱ्याचं पाणी पुन्हा वाटावं लागेल. तेव्हा कुणाकडे आकडे असतील? पलीकडच्या गावच्या पाणी-अभियंत्याचं नाव कुणाला माहीत असेल? ज्यांनी चांगल्या काळात मोजलं, त्यांनाच. युद्धात ही माणसं कामाला येत नाहीत, ती युद्धानंतर लागतात. तोवर त्यांना जिवंत ठेवणं, त्यांची वही जपणं, हे काम कमी प्रतीचं नाही. भांडण चालू असताना वही सांभाळणारा माणूस दोन्ही बाजूंना नावडता असतो. त्याचा मान राखायला आपण शिकायला हवं.

आणि हे सांगताना माझी नजर राहून राहून घराकडे येते. कोल्हापूर आणि इचलकरंजीचं सांडपाणी पंचगंगेत जातं. ती नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते आणि ते पाणी पुढे कर्नाटकात जातं. तिथे वरच्या आणि खालच्या लोकांची भाषा वेगळी, सरकार वेगळं, पण सीमेवर जवान नाहीत, तारा नाहीत, भिंत नाही. एसटीत बसलं की अर्ध्या दिवसात माणूस वरच्या गावातून खालच्या गावात पोहोचतो. बत्तीरच्या लोकांना जे मिळवायला सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं ते आपल्याला तिकिटाच्या पैशात मिळतं. म्हणून वाचकाला माझी एकच विनंती आहे. तुमच्या गावचा ओढा, नाला, नदी जिथे पुढे जाते, त्या खालच्या पहिल्या गावाचं नाव शोधून काढा आणि या उन्हाळ्यात, पाणी सगळ्यात कमी असतं तेव्हा, एकदा तिथे जाऊन तुमच्या गावचं पाणी त्यांच्या घाटावरून पाहून या.